रोज कामी येणारा कानमंत्र कसा घडवावा

सुविचारांनी वही भरली, भिंतीवर कागद लावले, फोनच्या पडद्यावरही एक वाक्य ठेवलं. तरी ऐन रागात, ऐन घाईत त्यातलं एकही आठवत नाही. ही तक्रार माझ्या कानावर वारंवार येते, आणि अशा वह्या चाळल्या की चूक बहुतेक एकाच जागी सापडते. आवडलं म्हणून वाक्य आधी उतरवून घेतलेलं असतं, आणि ते नेमकं कधी वापरायचं हे ठरवायचं राहूनच गेलेलं असतं.

सुविचार सगळ्यांसाठी असतो. कानमंत्र एकाच्याच कानात, एका प्रसंगापुरता सांगायचा असतो. म्हणून या लेखात मी कानमंत्र हाच शब्द धरला आहे: आपणच आपल्याला सांगायचं चार-पाच शब्दांचं वाक्य, जे ठरावीक क्षणी हात धरून थांबवतं किंवा पाठीवर हात ठेवून पुढे नेतं. एक कानमंत्र नीट रुजायला साधारण तीन महिने धरा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. बहुतेकांची गाडी तिसऱ्या पायरीपासून सुरू होते, आणि तिथेच अडते.

## तयारी: काय हवं, काय बाजूला ठेवायचं

खिशात मावणारी एक वही किंवा फोनमधलं एक कोरं पान पुरे. त्याबरोबर आयुष्यातला एकच कोपरा निवडा. ‘मला सुधारायचं आहे’ हा कोपरा नव्हे. रागात बोलून बसणं, कामाला हात न लावणं, नको तिथे ‘हो’ म्हणून अडकणं, मागितल्याबरोबर पैसे देणं, मुलांवर ओरडणं, झोपायच्या वेळी फोनमध्ये गुंतणं, असा बोट ठेवून दाखवता येईल असा कोपरा हवा.

आजवर जमवलेले सुविचार सध्या मिटून ठेवा. फाडू नका, पुढे त्यांचा उपयोग आहे.

सावध: अनेक आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर वाक्यं घडवत बसू नका. आधी डॉक्टरांशी किंवा जवळच्या माणसाशी बोला. कानमंत्र हे सवयींचं औषध आहे, आजाराचं नाही.

## १. चौदा दिवस फक्त नोंद

निवडलेल्या कोपऱ्यात काही बिनसलं की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी चार गोष्टी लिहा: वेळ, समोर कोण होतं, मी काय केलं, आणि काय करायला हवं होतं. एका प्रसंगाला तीन ओळी पुरतात. नोंद अशी दिसते:

‘मंगळवार, रात्री साडेदहा. भावाचा निरोप आला. लगोलग तीन उत्तरं पाठवली. सकाळी वाचून ओशाळल्यासारखं झालं. सकाळीच लिहायला हवं होतं.’

या चौदा दिवसांत स्वतःला सुधारायचं नाही आणि रागवायचंही नाही. इथे लोक हमखास घसरतात. तिसऱ्या दिवशीच ‘आता मी असं करणार नाही’ असा संकल्प लिहिला जातो, आणि त्यानंतरच्या नोंदी खोट्या होऊ लागतात, कारण संकल्प मोडल्याचं लिहायची लाज वाटते. वहीत उपदेश शिरला की खरं लिहिणं थांबतं.

इथे तपासा: चौदा दिवसांत निदान पाच नोंदी झाल्या का? दोनच झाल्या असतील, तर हा कोपरा तुम्हाला वाटतो तेवढा त्रासाचा नाही. दुसरा निवडा.

## २. निसटण्याच्या आधीचा क्षण शोधा

आता एकेक नोंद घेऊन उलट्या दिशेने चाला. वरचीच घ्या. तिसरं उत्तर पाठवलं. त्याआधी पहिलं पाठवलं. त्याआधी ते टाइप केलं. त्याआधी भावाचा निरोप दुसऱ्यांदा वाचला. त्याआधी अंथरुणात पडून फोन हातात घेतला.

या साखळीत हात घालायची जागा कुठे आहे? पाठवायच्या बटणापाशी नाही. अंगठा तिथवर पोचला की कोणताही मंत्र उशिराच येतो. अगदी सुरुवातीला, फोन घेतानाही नाही, कारण फोन आपण दिवसातून शंभर कारणांनी घेतो. जागा आहे ती निरोप दुसऱ्यांदा वाचताना. तेव्हा कान तापलेले असतात आणि बोटं अजून मोकळी असतात.

असा क्षण निवडताना डोळ्यांना दिसेल किंवा अंगाला जाणवेल अशी खूण धरा. ‘मला राग येईल तेव्हा’ ही खूण होत नाही. राग आलाय हे पुष्कळदा राग ओसरल्यावरच कळतं. ‘एकच निरोप दुसऱ्यांदा वाचायला लागले की’, ‘आवाज चढलेला माझा मलाच ऐकू आला की’, ‘समोरच्याने “जरा एक काम होतं” असं म्हटलं की’, या खऱ्या खुणा.

पेटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा घाटाच्या बेतांवर बरीच वर्षं काम केलं. २००६ साली त्याने आणि पास्कल शीरन याने अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा असा बेत बराच अधिक पार पडतो असं दिसलं. प्रसंग आधीच ठरलेला असला की ऐनवेळी विचार करण्याचं ओझं उरत नाही. आपल्या कानमंत्राचा ‘अमुक’ या पायरीवर सापडायला हवा. तो सापडला नसेल तर पुढे जाऊ नका. आणखी आठवडाभर नोंदी करा.

## ३. वाक्य घडवा

आता शब्दांकडे. ही सगळ्यात रमण्यासारखी पायरी आहे आणि तिच्यासाठी चार-पाच दिवस द्यावेत. बसल्या बैठकीत सुचलेलं पहिलं वाक्य जवळजवळ नेहमीच सुविचार असतं.

माझं स्वतःचं उदाहरण देते, कारण त्याचे सगळे मसुदे माझ्या वहीत आहेत. मी आधी लिहिलं, ‘नेहमी शांत राहावं.’ वाचायला बरं, पण त्यात करायचं काय ते नाही. मग लिहिलं, ‘घाईने उत्तर देऊ नको.’ यात नकार आहे, आणि नकार दिल्यावर हातांना काम उरत नाही. तिसऱ्यांदा, ‘राग आला असेल तर उत्तर लिहून ठेवायचं, पण ते सकाळपर्यंत पाठवायचं नाही.’ आता काम नेमकं झालं, पण एवढं लांब वाक्य रागात कोण म्हणणार? शेवटी उरलं ते हे: ‘लिही रात्री, पाठव सकाळी.’ ते आजही चालतं.

या चार मसुद्यांत जे बदलत गेलं, तेच घडवण्याचे नियम आहेत.

क्रियापद हवं, आणि ते करता येण्याजोगं हवं. ‘राहा’, ‘बन’, ‘हो’ ही क्रियापदं टाळा. लिही, थांब, विचार, मोज, ऊठ, बंद कर, पाणी पी, ही घ्या. ‘आधी पाणी, मग वाणी’ यात क्रियापद दिसत नाही, तरी घोटभर पाणी पिण्याचं काम स्पष्ट आहे, तेही चालतं.

नकारावर थांबू नका. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल पुन्हा पुन्हा मनात येतच राहिलं. ‘ओरडू नको’ म्हणताना ओरडणंच डोळ्यांसमोर येतं. त्याऐवजी ‘जवळ जाऊन बोल’ म्हणा. मुलाच्या शेजारी जाऊन बसलं की ओरडायला अंतरच उरत नाही.

सात शब्दांच्या आत. एका श्वासात, ओठ न हलवता म्हणता आलं पाहिजे.

आपल्या घरच्या बोलीत. ‘क्रोधावर विजय मिळव’ असं तुम्ही स्वतःशी कधी बोलता का? ज्या बोलीत मनातल्या मनात स्वतःला रागावता, समजावता, त्याच बोलीत मंत्र हवा. तुमच्या घरात ‘थांब की जरा’ म्हणत असतील, तर तेच. शुद्धलेखनाची फिकीर करू नका, हे कुणाला दाखवायचं नाही.

स्वतःला ‘तू’ म्हणा, हवं तर नावाने हाक मारा. ईथन क्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ताणाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःच्या नावाने किंवा ‘तू’ म्हणून स्वतःशी बोलणाऱ्यांना तो प्रसंग अधिक नीट निभावता येतो. थोडं अंतर पडतं, आणि तेवढं पुरतं. नावाने हाक मारून घेताना पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं. मग ती हाकच अर्धं काम करते.

यमक जुळलं तर घ्या, पण ओढून आणू नका. जुळणारे शब्द लवकर आठवतात हा फायदा खरा. धोकाही खरा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यमकातली वचनं लोकांना त्याच अर्थाच्या बिनयमकी वाक्यांपेक्षा अधिक खरी वाटली होती. म्हणून यमक जुळलं की वाक्य एकदा मोडून साध्या शब्दांत लिहा. साध्या शब्दांतही ते पटतं का ते बघा.

सावध: स्वतःची स्तुती करणारी वाक्यं, ‘मी समर्थ आहे’, ‘मी सगळ्यांना आवडते’ अशा जातीची, कानमंत्र म्हणून वापरू नका. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच खालावलेलं होतं त्यांना असं वाक्य घोकल्यावर आणखी वाईट वाटलं. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते बोचतं. तुमच्या मनाला जे खोटं वाटतं ते त्याला म्हणायला लावू नका. जे करता येतं तेवढंच सांगा.

इथे तपासा: वाक्य लिहिलेलं पान दोन दिवस बघू नका. तिसऱ्या दिवशी ते शब्दाला शब्द आठवलं तर ठेवा. एखादा शब्द आपोआप बदलून आठवला, तर बहुधा तो बदललेला शब्दच बरोबर असतो.

## ४. दुसऱ्याचा सल्ला घ्यायचा असेल तर

आईवडिलांचं, आजीचं, एखाद्या शिक्षकाचं वाक्य मनात घर करून असतं, आणि ते वापरावंसं वाटणं स्वाभाविक आहे. फक्त ते उचलताना त्यामागचा प्रसंगही उचला. सांगणारं माणूस हयात असेल तर सरळ विचारा, ‘हे तुम्ही कशावरून म्हणायला लागलात?’ उत्तरात एखादी फसगत, एखादं नुकसान, एखादा पश्चात्ताप निघतो, आणि त्यावरून कळतं की तो सल्ला तुमच्या स्थितीला लागू आहे की नाही. ‘कुणाचं देणं ठेवू नये’ हे वाक्य जो कर्जात बुडाला त्याच्या तोंडचं वेगळं, आणि ज्याने भीतीपोटी कधी कुणाची मदतच घेतली नाही त्याच्या तोंडचं वेगळं.

बाजूला ठेवलेली सुविचारांची वही आता उघडा. निवडलेल्या क्षणाशी जुळणारं एखादं वाक्य त्यात असलं, तर तिसऱ्या पायरीचे नियम लावून ते आपल्या बोलीत उतरवा. बाकीचं जसं आहे तसं राहू द्या.

## ५. हद्द आखा

ही पायरी सर्रास वगळली जाते, आणि त्याची शिक्षा घरच्यांना होते.

म्हणींकडे बघा. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आहे आणि ‘पाचामुखी परमेश्वर’ हीसुद्धा आहे. ‘शुभस्य शीघ्रम्’ म्हणणारी भाषा ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ असंही म्हणते. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. जागा सोडून वापरली की कोणतीही बाजू चुकते. तुमच्या वाक्याचंही तेच आहे.

म्हणून कानमंत्राखाली एक ओळ लिहा: ‘हा कुठे चालणार नाही?’ माझ्या ‘लिही रात्री, पाठव सकाळी’खाली लिहिलेलं आहे, ‘कुणी आजारी असेल, कुणी वाट बघत अडकलं असेल, तर लगेच.’ ‘विचारून सांगतो’ हा मंत्र नको तिथे ‘हो’ म्हणणाऱ्याला वाचवतो, पण घरच्या माणसाने दुखतंय म्हणून हाक मारली तर तिथे तो निष्ठुर ठरतो. हद्द लिहून ठेवली नाही की माणूस वाक्याच्या आड लपायला शिकतो. ‘मी खरं तेच बोलतो’ या एका वाक्याच्या आडून किती जणांना दुखावलं जातं, आणि बोलणाऱ्याला आपण तत्त्वाने वागतोय असंच वाटत राहतं.

इथे तपासा: हे वाक्य तुम्ही पाळलंत तर त्याची झळ कुणाला लागेल? नाव मनात आलं, तर आधी त्या माणसाला सांगा, ‘मी असं करणार आहे.’ बघता बघता गैरसमज टळतात.

## ६. तालीम आणि जागा

कानमंत्र शांत वेळी पाठ करायचा आणि अशांत वेळी वापरायचा, यात मोठी दरी आहे. ती तालमीने भरते. पहिले सात दिवस, दिवसातून एकदा, डोळे मिटून तो क्षण उभा करा: निरोप आला, दुसऱ्यांदा वाचतेय, कान तापलेत. इथे मंत्र म्हणा, आणि पुढची कृती प्रत्यक्ष करून बघा. फोन खरोखर उचला, कच्चं उत्तर खरोखर लिहा, न पाठवता बाजूला ठेवा. दोन मिनिटं लागतात. नुसतं मनात म्हणून सोडलंत तर अंग शिकत नाही.

लिहून कुठे ठेवायचं? भिंतीवर नको. भिंतीवरचा कागद आठवड्याभरात भिंतच होतो. डोळे त्यावरून घसरतात. जिथे चूक घडते तिथेच ठेवा. पैशाचा मंत्र पाकिटात, नोटा काढताना हाताला लागेल असा. कामाचा मंत्र वहीच्या किंवा संगणकाच्या झाकणावर. बोलण्याच्या मंत्राला जागा नसते. त्याला एखादी अंगाची खूण जोडा, अंगठा मुठीत धरणं किंवा पाय जमिनीवर दाबणं. दर दोन आठवड्यांनी कागदाची जागा थोडी हलवा.

## ७. दोन खुणांची नोंद

रोज रात्री त्याच वहीत दोनच खुणा करा. पहिली: वेळेवर आठवला का? दुसरी: पाळला का? या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं फार महत्त्वाचं आहे. ‘जमलं नाही’ असं एकच उत्तर लिहिणाऱ्याला दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही.

तीन आठवड्यांनी खुणा वाचा.

आठवतच नसेल, तर दोष वाक्यात नाही. दुसऱ्या पायरीवर निवडलेली खूण धूसर आहे किंवा तालीम कमी पडली आहे. खूण बदला.

आठवतो पण पाळला जात नाही, असं असेल तर कृती जड आहे किंवा ती मनापासून पटलेली नाही. जड असेल तर अर्धी करा. ‘रोज तासभर लिही’ऐवजी ‘एक ओळ लिही’. पटलेली नसेल तर प्रामाणिकपणे स्वतःला विचारा, हा मंत्र मला हवा होता की दुसऱ्या कुणाला माझ्यासाठी हवा होता?

आठवतो, पाळलाही जातो, आणि तरी त्रास तसाच राहतो, तेव्हा आपण चुकीच्या कोपऱ्यात उभे आहोत. रात्रीची उत्तरं थांबली तरी भावाशी वाद चालूच असेल, तर प्रश्न उत्तरांच्या वेळेचा नव्हताच. पहिल्या पायरीवर परत जा.

मधे दिवस चुकले तर काय, याची अनेकांना धास्ती असते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे मागोवा घेतला होता. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत जाईल असा अंदाज होता. एखादा दिवस चुकल्याने घडत आलेली सवय फारशी बिघडली नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा २१ दिवसांत जमलं नाही म्हणून वही मिटू नका.

सावध: एका वेळी एकच नवा कानमंत्र. अठराव्या शतकातला अमेरिकी मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन याने स्वतःसाठी १३ गुणांची यादी केली होती, पण लक्ष मात्र तो आठवड्याला एकावरच ठेवायचा; १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. जुने, रुजलेले धरून तीनपेक्षा जास्त मंत्र मी तरी कुणाला सुचवणार नाही.

## ८. दुसऱ्याला सांगताना

स्वतःला लागू पडलेलं वाक्य दुसऱ्याला सांगावंसं वाटतंच. तीन गोष्टी पाळा. विचारल्याशिवाय सांगू नका. विचारलं तर वाक्याऐवजी तो प्रसंग सांगा, तुमची फजिती कशी झाली आणि काय केल्यावर फरक पडला. वाक्य त्याचं त्याला घडवू द्या. आणि दुःखात असलेल्या माणसाला वाक्य देऊच नका. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याला ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ म्हणणं हा आघात आहे, बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. तिथे शेजारी बसा.

मुलांच्या बाबतीत एक जास्तीचं. मंत्र मुलाने चुकायच्या क्षणी सुनावू नका. त्याला तो टोमणाच वाटतो. शांत वेळी दोघांनी मिळून एक वाक्य ठरवा, शब्द त्याचे असू द्या, आणि ते तुम्हालाही लागू आहे असं कबूल करा. मग चढलेला आवाज ऐकून मूल तुम्हाला आठवण करून देईल, आणि तेव्हा तुम्ही ते ऐकलंच पाहिजे.

## ९. रजा द्या

कानमंत्र कायमचा नसतो. तो न म्हणताच कृती घडू लागली, की त्याचं काम झालं. कधी उलटंही होतं: परिस्थिती बदलते आणि मंत्र अडथळा बनतो. पैशाची ओढाताण असताना घडवलेला ‘आधी नाही म्हण’ हा मंत्र दिवस पालटल्यावरही चालू राहिला, तर माणूस जवळच्यांनाही नकार देत सुटतो.

दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवा आणि चालू मंत्र वाचा. ज्याची गरज संपली त्याच्यावर काट मारू नका. शेजारी तारीख लिहा आणि का थांबवला ते एका ओळीत नोंदवा. नव्या नोकरीत, नव्या घरात, बाळ झाल्यावर किंवा आजारपणात जुनी खोड पुन्हा डोकं वर काढते, तेव्हा पहिली पायरी पुन्हा करावी लागत नाही. ते पान उघडायचं, खूण अजून तीच आहे का बघायचं, आणि सात दिवसांची तालीम पुन्हा सुरू करायची.